ठमीवर आलेला आळ

बाळ घरी येणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच जिवाची काळजी करायला घेतली, आणि तो जीव म्हणजे ठमी. ठमी ही पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरची मांजरी. घरची आपली म्हणायची, खरी मालकीण त्याची बायको. ती ज्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, त्या दुकानामागच्या खोक्यांत तिला हे पिल्लू सापडलं होतं. ड्रॉपरने दूध पाजून तिने ते जगवलं. लग्न ठरताना तिने बाइंडरला बाकी काही विचारलं नाही, मांजर बरोबर येईल एवढंच सांगितलं. बाइंडरने हसून मान डोलावली. पुढे आपल्याच उशीचा कोपरा आपल्याला मागून घ्यावा लागेल, हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

तर ठमी बाळाला कशी सामावून घेईल, यावर ज्याचं त्याचं मत होतं. शेजारीण म्हणाली, मांजरं मत्सरी असतात, आताच कुणाला तरी देऊन मोकळे व्हा. बाइंडरचा मित्र छापखानेवाला म्हणाला, मला द्या, माझ्याकडे उंदरांनी कागदांचा भुगा करून ठेवलाय. सासूबाई लेकीच्या मदतीला येऊन राहिल्या होत्या आणि त्यांचं नि ठमीचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. त्या स्वयंपाकघरात शिरल्या की ठमी बाहेर, आणि ठमी आत आली की त्या नाक मुरडून बाहेर. बायकोने मात्र दवाखान्यातल्या खाटेवरूनच हुकूम सोडला: बाळाचं एक वापरलेलं दुपटं घरी ने आणि ठमीला हुंगू दे, म्हणजे वासाची ओळख होईल. बाइंडर ते दुपटं पिशवीत घालून मोठ्या जबाबदारीने घरी आला, जमिनीवर पसरलं आणि बाजूला मांडी घालून बसला. ठमीने ते हुंगलं, शिंकली आणि सरळ त्यावर अंग टाकून झोपली. त्याने ही बातमी फोनवर कळवली तेव्हा बायको इतकी हसली की नर्सने तिला दटावलं.

खुद्द बाइंडर बाळाला कसा सामावून घेणार, हे कुणी विचारलं नाही. मोठा माणूस, बाप झालेला, त्याला काय शिकवायचं?

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छापखान्यातून आलेले मोठाले कागद दुमडायचे, त्यांच्या जुड्या लावायच्या, शिवायच्या, पुठ्ठा चढवायचा, हा त्याचा धंदा. घडी घट्ट बसवायला बाकीचे लोक हाडाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी वापरतात. बाइंडरने पट्टी कधी हातात धरली नाही. त्याने उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं, कानशीने घासून कडेला सरळ आणि पातळ केलेलं. त्या नखाच्या एका ओढीत घडी अशी बसायची की कागद पुन्हा उघडायला कुरकुर करायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला तो ते करून दाखवायचा, गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी.

"बाळ यायच्या आत ते नख काढून टाक," बायकोने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं.

"नख कशाला, हातच माग की," तो म्हणायचा. "यावर घर चालतंय."

घर त्यावर चालत नव्हतं. पट्टीने घडी थोडी सावकाश बसली असती, एवढंच. पण आपल्या हाताची चार लोकांनी वाहवा केलेली असली की माणसाला तो हात पवित्र वाटायला लागतो, आणि बाइंडरही त्यातलाच.

बाळ घरी आलं. मुलगी. पहिले काही दिवस ठमी कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसली, घराकडे पाठ करून. मग एकदा खाली उतरली, पाळण्याभोवती फेरी मारून आली आणि पाळण्याखालीच तिने ठाण मांडलं. बाळ चुळबुळलं की ती उठायची आणि घरात जे कुणी सापडेल त्याच्यासमोर उभी राहून ओरडायची. तो माणूस पाळण्यापाशी येईपर्यंत पिच्छा सोडायची नाही. सासूबाई तोंडाने कधी चांगलं म्हणायच्या नाहीत, पण त्याही एकदा लेकीला म्हणाल्या, "कान तिखट आहेत हो मेलीचे." ठमी इतकी सहज आई होऊन बसली आणि बाइंडर मात्र लांबून बघत राहिला. बाळाची मान लटकते, मला जमत नाही, असं म्हणून तो पाळण्यात वाकून चुटक्या वाजवायचा आणि परत कामाला लागायचा. आपल्यापेक्षा मांजरीला घरात जास्त काम आहे, हे त्याला कळत होतं, आणि थोडं लागतही होतं.

ती दुपार साधी होती. बायको अंघोळीला गेली होती, सासूबाई गच्चीत कपडे वाळत घालत होत्या, बाइंडर कागद दुमडत बसला होता. ठमी आली आणि त्याच्यासमोर उभी राहून ओरडायला लागली. त्याने दुर्लक्ष केलं. तिने कागदावर पाय ठेवला तेव्हा तो चिडून उठला. आत बाळ रडत होतं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. तेव्हा त्याच्या मनात आलं, आज आपणच घेऊ. बायको बाहेर येईल आणि बाळ आपल्या खांद्यावर शांत असेल, असं चित्र त्याला दिसलं आणि ते फार आवडलं.

त्याने दोन्ही हात घालून बाळाला उचललं. मान मागे गेली. तो घाबरला, त्याने मान सावरायला हात झटकन वर नेला आणि अंगठ्याचं नख बाळाच्या गालावरून कानशिलापर्यंत ओढलं गेलं. रक्त आलं नाही, पण कातडी सोलून लाल रेघ उठली, डोळ्याच्या अगदी बाजूने. क्षणभर बाळाचा श्वास अडकला आणि मग ते असं किंचाळलं की बाइंडरची पाचावर धारण बसली. त्याने तिला तसंच पाळण्यात ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. ठमी मात्र उडी मारून पाळण्याच्या कठड्यावर चढली, पुढचे पाय आत टाकून बाळाच्या तोंडाकडे वाकली.

आणि सासूबाई दारात आल्या.

त्यांना जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. "ओरबाडलं ग मेलीने," त्या ओरडल्या. "माझ्या लेकराचा डोळा फोडला असता."

बायको ओल्या केसांनी धावत आली. तिने बाळाला उचललं, गाल बघितला, ठमीकडे बघितलं, आणि मग बाइंडरकडे. तिला विश्वास बसत नव्हता, म्हणून तिने त्यालाच विचारलं, "तू होतास ना इथे? काय झालं?"

इथे त्याने तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही. म्हणाला, "मी आलो तेव्हा ती पाळण्यापाशीच होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याच्याबरोबरच आली होती ती, पाळण्यापाशी उभी राहिली होती. पुस्तकाची पानं सगळी जिथल्या तिथे आणि पुस्तक भलतंच, असा तो प्रकार झाला. वाक्य तोंडातून सुटल्याबरोबर त्याला कळलं की आपण हे शोधून काढून बोललो, घाबरून बोललो नाही.

बायकोने बाळाला आईकडे दिलं, पायातली चप्पल काढली आणि ठमीला मारली. ठमीने आयुष्यात मार खाल्ला नव्हता. पहिल्या फटक्याला ती पळालीसुद्धा नाही, मान वर करून बघत राहिली. दुसऱ्या फटक्याला कपाटाखाली गेली. बायको गुडघ्यांवर बसून कपाटाखाली चप्पल मारत होती आणि रडत होती. बाइंडर उजवी मूठ मिटून उभा होता, अंगठा आत दाबून.

बाळांच्या डॉक्टरीणबाई जवळच बसायच्या. त्यांनी भिंगातून गाल बघितला. "एकच रेघ आहे," त्या म्हणाल्या.

"एकच नख लागलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "पंजा बसला असता म्हणजे?"

बाइंडरने हात खिशात घातला.

"मांजराला लस दिलेली आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"यंदाची राहिली," बायको म्हणाली. "बाळाच्या गडबडीत माझ्याकडून राहिली." आणि तिने मान खाली घातली. तिची मान खाली गेलेली बघून त्याला वाटलं, भुईने आपल्याला पोटात घ्यावं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका पत्करण्यात अर्थ नाही, रेबीजची लस सुरू करावी लागेल. एक आज, पुढच्या ठरलेल्या दिवशी. मांजर डोळ्यांसमोर ठेवा, खातं-पितं का बघा. त्या सुई भरत असताना बाइंडरला बोलायला भरपूर वेळ होता. सांगितलं तर सुई टळेल, हे त्याला उघड दिसत होतं. पण सासूबाई तिथे होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, आणि सगळ्यात म्हणजे बायको होती, जिने आत्ताच चप्पल उचलली होती. आता सांगितलं तर ती चप्पलही आपल्याच नावावर. तो मूग गिळून बसला. बाळाच्या इवल्याशा मांडीत सुई गेली, बाळ किंचाळलं, आणि त्याने काय केलं, तर तोंड फिरवून भिंतीवरचं वजनाचं कोष्टक वाचलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तिला घेऊन जा. मला तिचं तोंड बघायचं नाही." पुन्हा स्वतःच म्हणाली, "लांब नको. छापखान्यात ठेव."

ठमीला पिशवीत घालायला बाइंडरला काही त्रास पडला नाही. कपाटाखालून ती त्याच्या हाकेला लगेच बाहेर आली. छापखानेवाल्याने तिच्यासाठी कागदांच्या थप्प्यांमागे जागा केली आणि म्हणाला, "बघ, मी सांगत होतो. बाळ आणि मांजर, दोन्ही एका घरात नाही जमत." बाइंडर म्हणाला, "हो ना." ते 'हो ना' त्याला वाटेत परत परत ऐकू येत राहिलं.

परत आल्या आल्या त्याने नख कापलं. ज्या नखावर घर चालत होतं ते कटरच्या एका दाबात तुटून केराच्या डब्यात गेलं. त्याने कोपऱ्यातून कुणीतरी दिलेली प्लास्टिकची पट्टी शोधून काढली आणि घड्या घालायला बसला. घड्या व्यवस्थित बसत होत्या. थोडा वेळ जास्त लागत होता, बस.

संध्याकाळी बायकोचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. तिने त्याचा हात हातात घेतला. "कापलंस?" ती म्हणाली. "माझं कधी ऐकलं नाहीस, आज न सांगता कापलंस. बाळासाठी ना?" आणि दिवसभरात पहिल्यांदा ती थोडी हसली. "आई, बघितलंस का ग, जावयाला अक्कल आली."

"बाप झाले ते आज," सासूबाई म्हणाल्या.

बाइंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या खाणं सोपं असतं हो. चोरून आणलेलं कौतुक गिळायला बसलं की घास उतरत नाही.

त्यानंतर तो रोज छापखान्यात जायला लागला. डब्यात दूध, कधी उकडलेला मासा. डॉक्टरीणबाईंनी लक्ष ठेवायला सांगितलंय, हे कारण आयतंच होतं. ठमी थप्प्यांमागून यायची, खायची आणि मग त्याच्या पायावर डोकं घासायची. त्याला ते सहन व्हायचं नाही, पण तो पाय काढूनही घ्यायचा नाही. एकदा यंत्राच्या खडखडाटात, छापखानेवाला जवळपास नाही असं बघून तो तिला म्हणालाही, "चुकलं बाई माझं." ठमीने त्याच्या बोटांवरचं दूध चाटलं. मांजरीपुढे माफी मागायला धाडस लागत नाही, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता.

तो घरी आला की बायको बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत बसायची, आणि मग तोंड न वळवता, "खाल्लं का तिने?" एवढंच म्हणायची.

"खाल्लं."

"मला शोधत होती का?"

शोधते म्हटलं तर ती रडणार, नाही म्हटलं तर जास्त रडणार. तो म्हणायचा, "तिथे आवाज फार असतो." रोज तो ठरवायचा, आज जेवणं झाल्यावर सांगू. जेवणं व्हायची, आणि सासूबाई पाळण्याला झोका देत बसलेल्या असायच्या, किंवा बाळ दूध पीत असायचं, किंवा बायको दमलेली असायची. न सांगायला कारण हवं असलं की घर भरून कारणं सापडतात.

दुसऱ्या सुईचा दिवस आला. सासूबाई घरीच थांबल्या, दोघंच बाळाला घेऊन गेले. गालावरची रेघ आता फिकट, खपलीची झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळच्याच टेबलाकडे बोट केलं. बायकोने बाळाला झोपवलं, दुपटं सोडलं, मांडी मोकळी केली. मागच्या वेळी टोचलेल्या जागी छोटी गाठ आली होती. बायकोने ती गाठ बोटाने हळूच चोळली आणि बाळाला म्हणाली, "झालं हं, एवढीशी मुंगी चावेल. त्या ठमीमुळे बघ." बाळ तिच्याकडे बघून तोंडभर हसलं. त्याला अजून काही माहीत नव्हतं.

"थांबा," बाइंडर म्हणाला.

डॉक्टरीणबाई सुई घेऊन वळल्या होत्या. त्या थांबल्या.

"मांजराने नाही ओरबाडलं. मी उचलायला गेलो. माझं नख लागलं."

त्याला वाटत होतं हे सांगायला बरेच शब्द लागतील. एवढेच लागले. डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली, खुर्चीत बसल्या आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर पहिलीसुद्धा टळली असती." मग त्यांनी, मांजराचं नख कुठेच लागलं नाही ना, हे त्याला तीन प्रकारांनी विचारून खात्री करून घेतली, आणि हाताने, जा, अशी खूण केली.

बायकोने बाळाला परत गुंडाळलं. तिचे हात नेहमीच्या सवयीने चालत होते. ती जिना उतरून रस्त्याला लागली. तो मागून चालत होता आणि वाट बघत होता, की आता फुटेल, आता चार लोकांत आपल्याला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त घराच्या वळणावर न वळता सरळ चालत राहिली, छापखान्याकडे.

छापखानेवाल्याने यंत्र बंद केलं. बायको बाळाला कडेवर घेऊन थप्प्यांपाशी खाली बसली आणि तिने हाक मारली, "ठमे." ड्रॉपर हातात घेऊन मारत असेल तशी हाक. थप्प्यांमागून ठमी बाहेर आली. तिने बायकोकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. बायकोने मोकळा हात पुढे केला. हात पुढे आल्याबरोबर ठमीचे कान मागे पडले, ती पोटावर दबली, आणि तशीच सरकत सरकत बाइंडरच्या पायांमागे जाऊन उभी राहिली.

"विसरली असेल," छापखानेवाला म्हणाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नाही विसरली," बायको म्हणाली.

बाइंडरनेच ठमीला उचलून घरी आणलं. तिथे सासूबाईंना सगळं कळलं. त्या त्याला एकच वाक्य बोलल्या, "अहो, तोंडात काय गुळणी धरली होती का?" आणि आत जाऊन त्यांनी ठमीसाठी बशीत दूध ओतून आणलं, ज्या बाईने कधी तिला पाण्याचा थेंब दाखवला नव्हता तिने. ठमी ते दूध प्यायली. पाळण्याखालच्या आपल्या जागी जाऊन बसली. बाळ चुळबुळलं तशी उठलीही. पण बायको खोलीत आली की ती निमूटपणे उठायची आणि पुढच्या खोलीत निघून जायची. बायको लांब उभी राहून खायला ठेवायची, ती गेल्यावर ठमी खायची. सासूबाई म्हणाल्या, येईल ग, जनावर आहे, चार दिवस लागतील. बायकोने नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाइंडर कामाला बसला होता. ठमी आली, जागा शोधत त्याच्याभोवती फिरली आणि त्याच्या मांडीत अंगाचं वेटोळं करून बसली. घुरघुर सुरू झाली. त्याने पट्टी खाली ठेवली. तिला उठवावं तर कोणत्या तोंडाने, आणि कुरवाळावं तर कोणत्या हाताने, हे न कळून तो दोन्ही हात हवेत धरून बसला होता. तेवढ्यात त्याला दारात बायको दिसली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती उंबऱ्याच्या पलीकडेच थांबली होती, ठमी उठू नये म्हणून.

"मी..." बाइंडर म्हणाला.

"हळू बोल, उठेल ती," बायको म्हणाली. कालपासून त्याच्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. मग म्हणाली, "डाव्या कानामागे खाजव. तिथे आवडतं तिला. माझ्याकडे येत नाही, तर तू तरी खाजव."

बाइंडरने मान खाली घातली आणि ठमीच्या डाव्या कानामागे खाजवायला लागला. घुरघुर मोठी झाली. बायको दारातच उभी राहून ती ऐकत होती.